मताचा हक्क आणि ओळखीचा कागद

(शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेंत केलेलें भाषण)



मागच्या निवडणुकीच्या दिवशीं आमच्याच घरीं घडलेली गोष्ट प्रथम सांगतों. आमच्या आत्याबाई उन्हाआधीं मत द्यायला गेल्या आणि घटकाभरानें तशाच परत आल्या. बोटाला शाई नाहीं. विचारलें तर म्हणाल्या, "कार्ड नाही तर मत नाही, असं दारावरच्यानं सांगितलं." कार्ड पावसाळ्यांत पेटींत भिजून त्यावरचा फोटो पुसून गेला होता. पण त्याच पेटींत फोटो चिकटविलेलें बँकेचें पासबुक सुखरूप होतें, आणि तें दाखविलें असतें तर ओळख पटविण्यास तेवढें पुरे होतें. हें आत्याबाईंस ठाऊक नव्हतें. दारावरच्या इसमानें तें सांगितलें नाहीं. आणि लाजेची गोष्ट ही कीं, त्या दिवशीं आम्हांसहि तें ठाऊक नव्हतें. चार बुकें वाचलेले आम्ही, मतदान संपल्यावर शहाणे झालों!

आपल्या आज्या-पणज्याच्या काळीं मत शेतसाऱ्यावर चाले. १९१९ च्या सुधारणा कायद्याखालीं खेड्यांत मुख्यतः ठराविक सारा भरणारास मत होतें. ज्याच्या हातीं वाकस आहे, आरी आहे, पण नांवावर जमीन नाहीं, त्याचें नांव यादींत कोठून येणार? घटनेनें ती भिंत पाडली. तरी पहिल्या, म्हणजे १९५१-५२ च्या निवडणुकीच्या वेळीं काय झालें तें ऐका. यादी करणारे दारोदार गेले तेव्हां पुष्कळ बायांनीं आपलें नांवच सांगितलें नाहीं. 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढेंच सांगितलें. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनीं अशी नोंद मान्य केली नाहीं, आणि सुमारें २८ लाख बाया त्या यादींतून गळाल्या. त्या बहुतेक उत्तरेकडील प्रांतांतल्या होत्या. पण आपण त्यांस हसूं नये. आजहि यादीवाला दाराशीं आला म्हणजे बाईचें नांव कोण सांगतो? दीर नाहीं तर सासरा. मग एका कागदावर माहेरचें नांव, दुसऱ्यावर सासरचें, आणि वय दोहोंवर निराळें!

आतां मुद्द्याची गोष्ट. फोटोच्या कार्डाचा हुकूम टी. एन. शेषन आयुक्त असतां १९९३ सालीं निघाला. आम्ही त्या कार्डाच्या विरुद्ध नाहीं. तोतया मतदार उभा राहतो तो बहुधा गरिबाच्याच नांवावर. सावकाराच्या नांवावर मत टाकून जाण्याची कोणाची छाती होती? पण कार्ड म्हणजे मत नव्हे. मत आहे तें यादींतल्या नांवांत. कार्ड नवें कोरें असलें आणि नांव यादींत नसलें तर मत नाहीं. नांव यादींत असलें आणि कार्ड हरवलें तर मत आहे, मात्र ओळखीचा दुसरा कागद पाहिजे. २०२४ च्या निवडणुकींत आयोगानें असे बारा कागद मान्य केले होते. त्यांपैकीं आपल्या घरांत सांपडतील ते एवढे: आधार, रोजगार हमीचें जॉबकार्ड, बँकेचें किंवा पोस्टाचें फोटोचें पासबुक, फोटो असलेला पेन्शनचा कागद, गाडी चालविण्याचा परवाना, पॅनकार्ड आणि अपंगाचें युडीआयडी कार्ड. रेशनकार्ड त्यांत नव्हतें, हें ध्यानांत ठेवा. पुष्कळ मंडळी तेंच घेऊन जातात. घरीं वाटतात ती मतदाराची चिठ्ठीहि २०१९ पासून ओळखीचा कागद म्हणून चालत नाहीं. ती फक्त यादींतला अनुक्रम सांगते.

कार्डावर 'सखुबाई' आणि यादींत 'सकुबाई' असें असलें म्हणून कोणी परत पाठवूं लागला तर परतूं नका. माणूस तोच आहे हें पटत असेल तर अशा किरकोळ चुकांकडे दुर्लक्ष करावें, असा आयोगाचाच आदेश आहे. एकाद्या उमेदवाराचा माणूस "ही ती नव्हेच" असें ओरडला तर त्याच्या ओरडण्यानें मत जात नाहीं. त्यानें दोन रुपये अनामत भरून रीतसर हरकत घ्यावी लागते, अधिकारी तेथल्या तेथें चौकशी करतो, आणि हरकत सिद्ध न झाल्यास मत देऊं देतो. तुमच्या नांवावर आधींच कोणी मत टाकून गेला असेल तर? तेव्हांहि घरीं येऊं नका. 'प्रदत्त मत' मागा. अधिकारी ओळखीची खात्री करून तुम्हांस कागदाची मतपत्रिका देतो आणि ती निराळ्या लिफाफ्यांत ठेवतो. नेहमींच्या मोजणींत ती धरीत नाहींत. पण निवडणुकीचा दावा लागला तर न्यायालय ती पाहूं शकतें.

आणखी एक भीति आमच्या कुंभार व गवंडी बांधवांनीं बोलून दाखविली. रेशनच्या दुकानांत यंत्राला त्यांचा अंगठा कळत नाहीं. मातीनें आणि चुन्यानें बोटांच्या रेघा झिजून गेल्या आहेत. तसें मतदानाच्या जागीं झालें तर? तेथें अंगठा नोंदवहींत उमटवायचा असतो, यंत्राशीं जुळवायचा नसतो. निर्धास्त जा.

टपालाच्या मताची रीत निराळी. तेथें तोंड पाहणारा कोणी नसतो, म्हणून सही आणि साक्ष हीच ओळख. ज्यांचीं मुलें पलटणींत आहेत त्यांनीं हें मुलांस कळवावें. २०१६ पासून पलटणीच्या लोकांस मतपत्रिका तारायंत्राच्या नव्या अवतारानें, म्हणजे संगणकानें जाते. ती छापून, खूण करून, आंतल्या लिफाफ्यांत घालून, बरोबर प्रतिज्ञापत्र जोडून टपालानें पाठवावी लागते. प्रतिज्ञापत्रावर सही नसली किंवा अधिकाऱ्याची साक्ष नसली, तर आंतला लिफाफा न फोडतांच मत बाद होतें. मोजणी सुरू होण्याच्या वेळेनंतर आलेलेंहि फुकट जातें.

८५ वर्षांवरील म्हातारीं माणसें आणि शेंकडा ४० किंवा त्याहून अधिक अपंगत्वाचा दाखला असलेलीं यांस २०२४ सालीं घरबसल्या मत देतां आलें. त्यासाठीं 'बारा-ड' नमुन्याचा अर्ज निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पांच दिवसांत द्यावा लागे. मग अधिकारी घरीं येत, ओळख पाहत, आणि चित्रण करून मत घेत. एकदां हा अर्ज मंजूर झाला कीं केंद्रावर जाऊन मत देतां येत नाहीं. हें उत्तम झालें, आम्ही त्याची तारीफ करतों.

पण ज्याला सर्वांत गरज आहे त्याला टपाल नाहीं! दसरा-दिवाळी झाली कीं बीडकडचीं हजारों बिऱ्हाडें उसाच्या फडांत जातात. २०२४ सालीं आपल्या विधानसभेचें मतदान २० नोव्हेंबरला झालें. फडावरच्या माणसाजवळ कार्ड आहे, गांवच्या यादींत नांव आहे, ओळखीला कांहींएक कमी नाहीं. आणि तरी मत नाहीं, कारण केंद्र राहिलें शंभर कोसांवर. शिपायाला टपाल आहे, निवडणुकीच्या कामावरील कारकुनाला सवलत आहे, प्रतिबंधक स्थानबद्धतेंतल्या माणसालाहि टपालानें मत देतां येतें. ऊसतोड्यानें काय गुन्हा केला? उचल देतांना मुकादमास प्रत्येक कोयत्याची ओळख बरोबर पटते, पै न पै वसूल करतांनाहि पटते. मताच्या दिवशींच ती कशी नाहींशी होते?

परगांवच्या मजुरांसाठीं एका यंत्रावर ७२ मतदारसंघांचीं मतें घेण्याची योजना आयोगानें २९ डिसेंबर २०२२ रोजीं जाहीर केली आणि जानेवारी २०२३ मध्यें पक्षांना बोलाविलें. पक्षांचें एकमत झालें नाहीं, आणि २०२४ च्या दोन्ही निवडणुका त्या यंत्रावांचूनच झाल्या. मग ज्याच्याजवळ ट्रक आहे तो उमेदवार फडावरून माणसें भरून आणूं पाहतो. उमेदवारानें असें मतदारांस फुकट वाहून नेणें कायद्यानें भ्रष्टाचार ठरतें. पण आमचा प्रश्न त्या ट्रकांत बसणाऱ्याचा आहे. ज्याच्या गाडींतून आलों त्याच्याविरुद्ध बोट दाबतांना हात कांपतो, हें आम्ही डोळ्यांनीं पाहिलें आहे. यासाठीं फडावरच्या बिऱ्हाडांस टपालानें किंवा कारखान्याजवळच्या केंद्रावर मत देतां यावें, अशी मागणी आजच्या सभेनें लिहून आयोगाकडे धाडावी, अशी आमची सूचना आहे. मजकूर तयार आहे. सह्या आणि अंगठे पाहिजेत.

तोंवर यादीचें काम आपल्या हातचें आहे. नवें नांव घालावयास सहा नंबरचा नमुना. चूक सुधारावयास, पत्ता बदलावयास किंवा हरवलेल्या कार्डाच्या जागीं दुसरें मागावयास आठ नंबरचा. सात नंबरचा नमुना नांव काढण्याचा, म्हणून त्यावर वाचल्यावांचून अंगठा देऊं नका. येत्या बाजाराच्या दिवशीं तिसऱ्या प्रहरीं गांवची यादी चावडीपुढें मोठ्यानें वाचली जाईल. आत्याबाई येणार आहेत. बायांनीं स्वतः यावें, येतांना पेटींतले सारे कागद घेऊन यावें, आणि आपलें नांव आपल्या तोंडानें सांगावें.