चिपीचा विमानतळ आणि धामापूरचा तलाव



सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला आणि १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला. निसर्गाचे वैभव येथे पूर्वीपासूनच होते. उणीव होती ती दळणवळणाची. कोकण रेल्वेने १९९८ मध्ये ती काही अंशी भरून काढली. पुढे ९ ऑक्टोबर २०२१ रोजी वेंगुर्ले तालुक्यातील परुळे-चिपीच्या सड्यावर, अडीच हजार मीटर लांबीच्या धावपट्टीसह, जिल्ह्याचा विमानतळ सुरू झाला आणि मुंबई सुमारे दीड तासावर आली.

तथापि, विमानतळ बांधणे आणि विमानसेवा टिकविणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. ‘उडान’ योजनेत ठरावीक जागांचे भाडे मर्यादित ठेवले जाते आणि कंपनीची तूट शासन तीन वर्षे भरून देते. ही मुदत संपताच, ऑक्टोबर २०२४ मध्ये, मुंबईची ती सेवा थांबली. दरम्यान गोव्यात मोपा येथे जानेवारी २०२३ पासून मोठा विमानतळ सुरू झाला होता. सावंतवाडी, दोडामार्गच्या प्रवाशाला तो अधिक सोयीचा. सुमारे सत्तर आसनांचे विमानही रोज भरावे लागते, हा या अनुभवाचा धडा होय.

ते बारा महिने कसे भरेल? येथील पर्यटन मुख्यतः समुद्रावर अवलंबून आहे. पावसाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या बंद होतात आणि किनारा ओस पडतो. नेमक्या त्याच दिवसांत मालवण तालुक्यातील धामापूरचा तलाव तुडुंब भरलेला असतो. सन १५३० मध्ये नागेश देसाई यांनी बांधलेल्या या तलावाच्या काठी भगवतीचे मंदिर असून भोवती दाट झाडी आहे. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय सिंचन व निचरा आयोगाने त्यास जागतिक वारसा सिंचन वास्तू म्हणून मान्यता दिली. समुद्र बंद असताना पाहुण्याला आत, गावाकडे नेण्याचे सामर्थ्य अशा स्थळांत आहे. दाट ढगांत दृश्यमानता घटली की विमान उतरू शकत नाही, ही पावसाळ्यातील अडचण मात्र योग्य तांत्रिक सुविधांनीच कमी करता येईल.

येथे एका गोष्टीचे भान राखणे अगत्याचे आहे. धामापूरचा तलाव करमणुकीसाठी नव्हे, तर शेती-बागायतीच्या पाण्यासाठी बांधला गेला. काठावर बेसुमार बांधकामे झाली, सांडपाणी पाण्यात मिसळले, तर पर्यटकही जाईल आणि पाणीही जाईल. म्हणून ग्रामपंचायतींनी बांधकाम व सांडपाण्याचे नियम आधी ठरवावेत. घरगुती न्याहारी-निवासाची नोंदणी करून उत्पन्न गावातच राहील असे पाहावे. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून तलावाचे पाणी, पक्षी व वनस्पती यांच्या नोंदी करवून घ्याव्यात; गावाच्या जैवविविधता नोंदवहीस त्यांचा मोठा उपयोग होईल. अधिकाऱ्यांनी विमानाच्या वेळेशी एस.टी.ची सांगड घालावी.

विमानतळ हे जिल्ह्याचे प्रवेशद्वार आहे. प्रवेशद्वाराची शोभा घराच्या व्यवस्थेवर अवलंबून असते आणि ती व्यवस्था गावांच्याच हाती आहे.