दोन राजवटींच्या मधून वाहणारी गोदावरी



त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर उगम पावणारी गोदावरी अरबी समुद्राकडे पाठ फिरवून सुमारे १४६५ किलोमीटर वाहते आणि बंगालच्या उपसागरास मिळते. तिच्या इतिहासातील एक अध्याय संभाजीनगरकरांनी विसरू नये असा आहे.

नेवासे तालुक्यातील टोका येथे प्रवरा गोदावरीस मिळते. समोरच्या तीरावर गंगापूर तालुक्यातील कायगाव. १५ ऑगस्ट १९४७ रोजी टोक्याचा तीर स्वतंत्र झाला. कायगावचा तीर मात्र निजामाच्या अमलाखालीच राहिला. भाषा एक, दैवते एक, सोयरिकीही एकमेकांत. तरी तेरा महिने हे पात्र दोन सत्तांची सीमा होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजाम शरण आला आणि ती सीमा पुसली गेली.

पुढे १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पैठणजवळ जायकवाडीची पायाभरणी झाली. १९७६ मध्ये धरणाचे लोकार्पण झाले. परंतु नाथसागराचे भरणे वरच्या धरणांतून येणाऱ्या पाण्यावर अवलंबून आहे. त्यामुळे अवर्षणाच्या वर्षी नाशिक-अहिल्यानगर आणि मराठवाडा समोरासमोर उभे ठाकतात. समन्यायी वाटपासाठी २००५ चा जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायदा आहे, तरीही वाद न्यायालयापर्यंत गेले.

वरच्या शेतकऱ्याचे पीकही खरे आणि खालच्या गावाची तहानही खरी. म्हणून वाटप आरडाओरड्याने नव्हे, मोजमापाने व्हावे. आणि उसासारख्या पिकाचा हिशेब दोन्ही तीरांनी प्रामाणिकपणे मांडावा. राजवटीची सीमा सैन्याने पुसली. पाण्याची सीमा पुसणे मात्र समाजाच्याच हाती आहे.