व्हेनिसचे डुकाट आणि आपली पुतळी
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



अपरिग्रहाचा उपदेश ऐकणाऱ्या सभेत सोन्याच्या नाण्यावर बोलावे, हे काहींना विचित्र वाटेल. परंतु आपल्या भांडारात श्रद्धेने अर्पण झालेल्या दागिन्यांत पुतळ्यांची एक माळ आहे आणि जुने सोने आटवून ते कलशाच्या कामी लावावे, अशी सूचना पुढे आली आहे. निर्णय होण्यापूर्वी पुतळी म्हणजे काय, हे सर्वांना ठाऊक असावे, एवढाच माझा हेतू.

पुतळीचे मूळ इटलीतील व्हेनिस या नगरराज्याच्या डुकाट नावाच्या नाण्यात आहे. इ. स. १२८४ मध्ये जोव्हान्नी दांदोलो हे तेथील 'डोज', म्हणजे निर्वाचित राज्यप्रमुख, असताना ते पाडण्याचा निर्णय झाला. वजन सुमारे साडेतीन ग्रॅम, म्हणजे पाव तोळ्याहून थोडे अधिक. आणि सोने त्या काळी जितके शुद्ध करता येई तितके शुद्ध. १७९७ मध्ये नेपोलियनने ते राज्य बुडविले. तोवर पाच शतके वजन, कस आणि चित्र ही तिन्ही जवळजवळ तशीच राहिली. राज्यावर संकटे थोडी आली नाहीत. परंतु सोन्यात हीण मिसळून खजिना भरण्याचा मोह त्यांनी टाळला. व्यापारी या नात्याने मला याचेच सर्वाधिक कौतुक वाटते. कापडाच्या पेढीवर एकदा माप आखूड निघाले की गिऱ्हाईक पुन्हा पायरी चढत नाही.

नाण्याच्या एका बाजूस व्हेनिसचे संरक्षक संत मार्क उभे आहेत आणि त्यांच्यासमोर गुडघे टेकलेला डोज त्यांच्या हातून ध्वज स्वीकारीत आहे. राज्यप्रमुखाने स्वतःच्या नाण्यावर गुडघे टेकून दिसावे, ही कल्पना मला फार मोलाची वाटते. दुसऱ्या बाजूस अंडाकृती वलयात, ताऱ्यांच्या मध्ये, येशू ख्रिस्त उभे आहेत. कडेने लॅटिन अक्षरे. डोज बदलला की नाव बदले, चित्र मात्र तेच. त्यामुळे नाव वाचता आले की नाण्याचा काळ ठरविता येतो. संग्राहकांना त्याचे महत्त्व आहे ते यासाठीच.

हे नाणे आपल्याकडे आले ते मिरी, मसाले आणि सुती कापड यांच्या मोबदल्यात. आपल्याला हवा असा माल युरोपापाशी थोडाच होता. म्हणून सोने मोजावे लागे. इजिप्त, तांबडा समुद्र आणि मग आपला पश्चिम किनारा, असा त्याचा मार्ग. १८८२ मध्ये भडोच येथे सापडलेल्या ठेव्यात व्हेनिसची नाणी इजिप्तच्या आणि दिल्लीच्या सुलतानांच्या नाण्यांशेजारी निघाली. इजिप्तच्या बार्सबे या सुलतानाने तर १४२५ मध्ये स्वतःची अश्रफी डुकाटच्या वजनाशी जुळती पाडली.

आपल्या लोकांना लॅटिन येत नव्हते. त्यांना दिसल्या त्या बाहुल्यांसारख्या आकृती, म्हणून नाव पडले पुतळी. नाणे कडी लावून गळ्यात आले. पुढे येथील कारागीर तसेच ठसे कोरून पुतळ्या घडवू लागले. त्यांच्या हातून अक्षरांच्या नुसत्या रेघा झाल्या आणि डोज ओळखू येईनासा झाला.

मग या पुतळ्या खोट्या म्हणाव्यात काय? येथे आपले शास्त्र उपयोगी पडते. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत कमी-अधिक मापांचा व्यवहार आहे आणि शेवटचा 'प्रतिरूपक व्यवहार' आहे. पूज्यपादाचार्यांनी सर्वार्थसिद्धीत त्याचा अर्थ सांगताना बनावट सोने इत्यादींच्या व्यवहाराबरोबर वंचनेचा, म्हणजे फसवणुकीचा, स्पष्ट उल्लेख केला आहे. माझ्या अल्पमतीप्रमाणे, दागिना म्हणून उघडपणे घडविलेली आणि पुऱ्या कसाची पुतळी या दोषात येत नाही. तीच पुतळी हिणकस सोन्याची करून व्हेनिसचे नाणे म्हणून कोणी विकली, तर मात्र येते. आज जुन्या नाण्यांना भाव आल्यापासून असे प्रतिरूपक व्यवहार वाढले आहेत, हे सांगणे मला भाग आहे.

आता आपल्या माळेविषयी. तिच्यात अस्सल डुकाट किती आणि येथे घडविलेल्या पुतळ्या किती, हे नुसत्या नजरेने सांगणे धाडसाचे होईल. माझी विनंती अशी की, प्रत्येक पुतळीचे वजन करावे, दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत, जाणकाराकडून अक्षरे वाचून घ्यावीत आणि ही नोंद भांडाराच्या वहीत दात्याच्या नावासह करावी. शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२ च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरतात, याचाही सल्ला घ्यावा. कलशाला जेवढे सोने कमी पडेल, तेवढे आपण वर्गणीतून उभे करू. माझ्या पेढीचा वाटा मी आजच लिहून देत आहे.