धरणाचं पाणी लिटरमध्ये सांगा
(अंबाजोगाई येथील व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



पत्रिकेवर माझा विषय 'जुनी मापं, नवी मापं' असा छापलाय. शेर, अदशेर, पावशेर, नवटाक ही उतरंड पुढच्या रांगेतल्या वडीलधाऱ्यांना पाठ आहे. 1956 साली वजनमापांचा कायदा झाला, 1962 पासून मेट्रिक मापं देशभर सक्तीची झाली, हेही सगळ्यांना ठाऊक आहे. त्यात वेळ घालवत नाही. मला बोलायचंय ते एवढं होऊनही फुटातच राहिलेल्या गोष्टीबद्दल. धरणाच्या पाण्याबद्दल.

दूधवाल्यानं आज शेराचं माप काढलं, तर वैधमापनवाले ते जप्त करतील. पण धरणातलं पाणी आपण टीएमसीत ऐकतो, म्हणजे अब्ज घनफुटांत. नदीत सोडलेलं क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला किती घनफूट या मापात. पाटबंधारे खात्याच्या तक्त्यात दलघमी, म्हणजे दशलक्ष घनमीटर. पेपरात टक्के, आणि तेही बहुतेक वेळा उपयुक्त साठ्याचे, मृतसाठा सोडून. ज्याला हंडा भरायचाय, त्याच्या हाती यातलं काय लागतं?

एकच आकडा लिहून घ्या. एक घनफूट म्हणजे 28.317 लिटर. म्हणून एक क्युसेक म्हणजे सेकंदाला 28.317 लिटर, आणि एक टीएमसी म्हणजे 28.317 दलघमी. (मागून आवाज : सर, परीक्षेला आहे का?) आहे. दर मे महिन्यात असते. (हशा)

आपलं धनेगावचं मांजरा धरण घ्या. उपयुक्त साठा 176.96 दलघमी, म्हणजे सव्वासहा टीएमसी, म्हणजे सतरा हजार सातशे कोटी लिटर. आता मराठवाड्याला द्यायच्या कृष्णेच्या पाण्याची भाषणं आठवा. 23.66 टीएमसी हा आकडा आष्टीत पोरासोरांना पाठ आहे. ते किती? जवळजवळ पावणेचार मांजरा धरणं. आणि पुढे ज्या सात टीएमसीवर चर्चा आली, ते मांजरातल्या उपयुक्त साठ्याहून थोडंसंच जास्त. मी कुठल्या पक्षावर बोलत नाहीये, मापावर बोलतोय.

लातूरच्या रेल्वेचं दोन मिनिटांत सांगतो. 2016 साली लातूरला पाणी देणारं मांजरा कोरडं पडलं आणि मिरजेहून पाणी आणावं लागलं. 12 एप्रिलला पहिली गाडी पोचली : दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढं पन्नास वाघिणींची गाडी आली, पंचवीस लाख लिटरची. देशभरातले कॅमेरे स्टेशनावर होते. माणशी 55 लिटर धरलं, तर त्या एका गाडीत सुमारे पंचेचाळीस हजार माणसांचं एका दिवसाचं पाणी. आता गणित करा. एक क्युसेक पाणी चोवीस तास वाहिलं, तर साडेचोवीस लाख लिटर होतं. म्हणजे पन्नास वाघिणींची एक गाडी! पावसाळ्यात कुठल्याशा धरणातून हजार क्युसेक विसर्गाची चार ओळींची बातमी येते. त्यातून दिवसाला तशा हजार गाड्या निघून जातात, आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

(एक श्रोते : लिटरमध्ये सांगितल्यानं पाणी वाढणार आहे का?) नाही वाढणार. पण हिशेब मागता येईल. पाच टीएमसी कुठं गेलं, हे विचारायला माणूस बिचकतो. टँकरच्या दोन खेपा कमी आल्या, तर तोच माणूस तहसीलवर जातो.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. पायली-आधोलीचं राहू द्या. बोअरचं मात्र सांगतोच. मशीनवाला 'दोन इंची पाणी लागलं' म्हणतो आणि आपण पैसे मोजतो. त्याऐवजी दोनशे लिटरचा ड्रम पाइपखाली ठेवा, मोबाईलवर सेकंद लावा. शंभर सेकंदांत भरला, तर तासाला सात हजार दोनशे लिटर. आणि मोटर तासभर चालल्यावर पुन्हा मोजा. आधी साठलेलं पाणी येतं, झऱ्याचा खरा जोर नंतर कळतो.

येत्या ग्रामसभेत एवढा एकच ठराव मांडा : पंचायतीच्या फळ्यावर आपल्या तलावातलं पाणी दर सोमवारी लिटरमध्ये लिहायचं, आणि त्याखाली, माणशी 55 लिटरनं ते किती दिवस पुरेल, तो आकडा. गुणाकार शाळेतली पोरं करतील.