वस्त्र आणि बीज
(मंडळाच्या व्याख्यानमालेतील भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी मृत्यूविषयी बोलणे काहींना अप्रशस्त वाटेल. परंतु गेल्या पन्नास वर्षांत या मंडळाने जशी बारशी आणि लग्ने पाहिली, तशा शोकसभाही पाहिल्या आहेत. आप्तेष्ट शेकडो कोस दूर असता शेजारच्या मराठी घराने खांदा द्यावयाचा, ही परमुलखातील आपली रीत. मात्र ते घर ख्रिस्ती असले, तर सांत्वनास गेलेला मनुष्य उंबऱ्याशी क्षणभर अडखळतो. येथे काय बोलावे? त्या अडखळण्याला उत्तर म्हणून हे चार शब्द.

पहिली गोष्ट ही की, ख्रिस्ती श्रद्धा शोकाला मना करीत नाही. बेथानी गावी लाजरस वारला, तेव्हा त्याला पुन्हा उठविण्यासाठीच आलेला येशू त्याच्या बहिणींचा आकांत पाहून स्वतः रडला, असे योहानाच्या शुभवर्तमानात सांगितले आहे. जेथे प्रभूच रडला, तेथे भक्ताने डोळे कोरडे ठेवण्याचे कारण नाही. मृत्यू हा भास नव्हे. तो वैरी आहे, पण पराभूत झालेला वैरी.

दुसरी गोष्ट आशेची. गीतेतील जीर्ण वस्त्राचा दृष्टान्त आपण सर्वच जाणतो. संत पौलाने करिंथ येथील मंडळीस इ. स. ५५ च्या सुमारास लिहिलेल्या पत्रात निराळा दृष्टान्त घेतला आहे, तो बीजाचा. दाणा मातीत पडतो, मरतो आणि त्याच दाण्याला देव नवे रूप देतो. येथे देह हे टाकून दिलेले वस्त्र नाही, ते पेरलेले बीज आहे. केवळ आत्मा अमर आहे एवढेच ख्रिस्ती मनुष्य म्हणत नाही. ज्याला आपण नावाने हाक मारीत होतो, तो अवघा मनुष्य देव पुन्हा उठवील, असे तो म्हणतो. यासच पुनरुत्थान म्हणतात आणि ईस्टरच्या पहाटे त्याचाच उत्सव होतो. दफनभूमीसाठी ख्रिस्ती लोकांनी रूढ केलेल्या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ ‘निजण्याची जागा’ असा आहे, तोही याच विश्वासातून. रोमन कॅथलिक चर्चने १९६३ साली दहनाला मुभा दिली. दफनाचा आग्रह ठेवला, पण देवाच्या सामर्थ्याला राखेची अडचण नाही, हेही मान्य केले.

पंथांत भेद आहेत. कॅथलिक कुटुंबे २ नोव्हेंबरला कबरींवर फुले व मेणबत्त्या ठेवून मृतांसाठी प्रार्थना करतात. बहुतेक प्रॉटेस्टंट मृतांसाठी प्रार्थना न करता त्यांच्या जीवनाबद्दल देवाचे उपकार मानतात. आशा मात्र एकच.

या आशेची कसोटी आपल्याच भाषेतील एका थोर स्त्रीच्या आयुष्यात पाहावी. पंडिता रमाबाईंचे आईवडील १८७४ च्या सुमारास दक्षिणेत, दुष्काळात गेले. भाऊ श्रीनिवास १८८० साली ढाक्याला आणि पती बिपिनबिहारी १८८२ साली सिल्चरला. सारे मृत्यू महाराष्ट्राबाहेर! १८८३ साली इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ज्यांनी शिकविले, वाढविले, त्यांचे काय, हा प्रश्न अशा प्रत्येक नवख्रिस्ती मनुष्यापुढे उभा राहतो. त्याचा निवाडा करणे माणसाच्या हाती नाही. तो देवाच्या करुणेवर सोपवावा, असेच मला वाटते. पुढे १९२१ साली एकुलती एक कन्या मनोरमा गेली. केडगावी बायबलच्या मराठी भाषांतराचे रमाबाईंचे काम तरीही थांबले नाही. एप्रिल १९२२ मध्ये त्या निवर्तल्या, तेव्हा ते पुरे होत आले होते. जिची आशा स्मशानापाशी संपते, तिच्या हातून पुढच्यांसाठी असे काम होणे अवघड.

तेव्हा आपल्या ख्रिस्ती शेजाऱ्याकडे जाल, तेव्हा मोठ्या वचनांची चिंता करू नका. गेलेल्याचे नाव घ्या, त्याच्या आठवणी काढा, घरच्यांना रडू द्या. आपले माणूस परक्या मातीत ठेवावे लागले, ही खंत त्यांना असेलच. ती माती देवाला परकी नाही, एवढे सांगितलेत, तरी ते घर तुमचे ऋणी राहील.