12 जूनपासून मागे

(वासंतिक व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे शब्दांकन)



पत्रिकेवर विषय छापलाय, ‘वसंतापूर्वी घरात बी आणि कंद रुजवणे’. आज एप्रिलची अखेर. म्हणजे विषय एक तर चार महिने उशिरा आलाय, नाहीतर आठ महिने लवकर. (हशा) विषय मीच दिला आणि मुद्दाम दिला. मला जे सांगायचंय ते आत्ताच सांगून टाकतो. ज्यांना फक्त ट्यूलिपची चिंता आहे त्यांनी पंख्याखालची खुर्ची खुशाल मागच्यांना द्यावी. आपल्या देशात घरात बी रुजवण्याचा वसंताशी काडीचा संबंध नाही. संबंध आहे पाण्याशी. ज्या दिवशी शेतात पाणी येणार, तो दिवस धरायचा आणि तिथून मागे मोजत यायचं. बस्स. आता पुढचा तासभर मी हेच वेगवेगळ्या तऱ्हेनं सांगणार आहे.

बागकामाची इंग्रजी पुस्तकं आपण वाचतो. त्यात लिहिलेलं असतं, शेवटच्या हिमदवापूर्वी सहा ते आठ आठवडे टोमॅटोचं बी खिडकीत पेरा. वाचून आपल्याकडची हौशी मंडळी फेब्रुवारीत खिडकीत बी पेरतात. हिमदव कुठला? मागच्या वर्षी पडला होता का कुणाच्या गच्चीवर? (हशा) मात्र त्या पुस्तकातली एक गोष्ट सोळा आणे खरी आहे. ते लोक मागे मोजतात. शेवटचा हिमदव कधी, तर त्याच्या इतके दिवस आधी बी. ती मोजणी ठेवा, हिमदव तेवढा खोडा.

आपल्याकडे अशी मोजणी करणारा मुलूख कुठला, तर कावेरीचा त्रिभुज प्रदेश. त्यातलं पापनाशम. पापनाशम म्हटलं की तमिळ सिनेमे पाहणाऱ्यांना कमल हासनचा 2015 सालचा ‘पापनाशम’ आठवतो, आपल्या ‘दृश्यम’चा भाऊ. ते पापनाशम तिरुनेलवेलीकडचं, धरणाचं आणि धबधब्याचं. मी बोलतोय ते तंजावरचं, कुंभकोणमला जाताना थोडं अलीकडे लागतं ते. सपाट, हिरवंगार, जिकडे पाहाल तिकडे भात. गावाजवळच्या तिरुप्पालैत्तुरै इथे शंकराचं देऊळ आहे आणि त्यात विटांचं एक प्रचंड धान्याचं कोठार आहे. छत्तीस फूट उंच. तीन हजार कलम भात त्यात मावायचं असं सांगतात. कलम हे तिकडचं जुनं माप. तंजावर म्हटलं की आपली छाती लगेच फुगते, म्हणून आधीच सांगतो, कोठार नायकांच्या काळातलं, सतराव्या शतकाच्या सुरुवातीचं. व्यंकोजीराजे त्यानंतर आले. (हशा) हो, सरफोजींबद्दल आणि सरस्वती महालाबद्दल इथे दर दोन वर्षांनी कुणीतरी बोलतंच, तेव्हा ते सोडतो.

कावेरीचा तंटाही सोडतो. 1924 चा करार, 1990 चं न्यायाधिकरण, 2007 चा निवाडा, 2018 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे. आपल्याला हवी आहे ती एक तारीख, 12 जून. मेट्टूरचं धरण 1934 साली पुरं झालं. त्याचे दरवाजे उघडण्याचा रिवाजाचा दिवस हा. उघडले की तीनेक दिवसांत पाणी कल्लणैच्या बंधाऱ्याला पोचतं, तिथून ते कालव्याकालव्यांत वाटलं जातं आणि शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला आणखी वाट पाहावी लागते.

आता हिशेब बघा, यातच सगळी गंमत आहे. जूनच्या पाण्यावर जे भात होतं त्याला तिकडे कुरुवै म्हणतात. वाण हळवे, साधारण 110 दिवसांचे. तिकडचा मोठा पाऊस आपल्यासारखा जूनमध्ये येत नाही. तो येतो ऑक्टोबरच्या मध्यावर, ईशान्येकडून. म्हणजे कुरुवै त्याच्या आत कापून घरात आलं पाहिजे. पाणी शेतात पोचायला जूनची अखेर धरा. त्यानंतर बी भिजवलंत तर कापणी येते ऑक्टोबरच्या ऐन मध्यावर, म्हणजे पिकलेलं भात उभं आणि वरून धार. पण पाणी पोचेल त्या दिवशी तीन आठवड्यांचं रोप हातात तयार असेल, तर कापणी सप्टेंबर संपताना. तीन आठवडे मिळाले कुठून? घरातून आणि रोपवाटिकेतून. एका हेक्टरच्या लावणीला जुन्या पद्धतीची रोपवाटिका लागते 800 चौरस मीटरची, म्हणजे शेताचा साधारण बारावा हिस्सा. तेवढ्या तुकड्याला विहिरीचं किंवा बोअरचं पाणी पुरतं. ज्याच्याकडे बोअर नाही तो शेजाऱ्याच्या तुकड्यात भागीदारी करतो. सामुदायिक रोपवाटिकेचा सरकारी प्रचार तिथे झालाय, पण भागीदारी करायला गरज पुरेशी होती.

उशीर झाला तर रोप थांबेल, असं कुणी समजू नये. भाताचं रोप महिन्याला एक आठवडा या हिशेबानं लावतात. तीन महिन्यांच्या वाणाचं तीन आठवड्यांचं, चार महिन्यांच्याचं चार. त्यापुढे ते वाफ्यातच फुटवे काढतं, कांडं धरतं आणि शेतात गेल्यावर अंगठ्याएवढ्या लोंब्या देतं. म्हणून चूक दोन्ही टोकांना होऊ शकते. 2024 साली मेट्टूरचे दरवाजे उघडले जुलैच्या अखेरीला. ज्यांनी कालव्याच्या भरवशावर रोपं केली असतील त्यांचं काय झालं असेल, याचा विचार करा.

समोरच्या बाईंनी हात वर केलाय. कोकोपीट? येतो, कोकोपीटकडे येतो. (हशा)

त्याआधी घरात काय घडतं ते. मिठाच्या पाण्यात बी टाकायचं. आपल्याकडेही कोकणात हे करतात, दहा लिटरला तीनशे ग्रॅम मीठ. तमिळ शेतकरी त्यात कोंबडीचं अंडं सोडून बघतो; अंड्याचा रुपयाएवढा भाग पाण्यावर दिसला की मीठ पुरे. पोकळ बी तरंगतं, ते फेकायचं. उरलेलं स्वच्छ धुवायचं, नाहीतर मीठच त्याला मारेल. मग दिवसभर भिजत, आणि नंतर निथळून गोणपाटात बांधून घराच्या कोपऱ्यात, अंधारात, आणखी एक दिवस. हे निथळणं फार महत्त्वाचं. पाण्यात बुडलेल्या भाताला हवा मिळत नाही, तेव्हा ते हवेच्या शोधात आधी कोंब लांबवतं आणि मूळ मागे राहतं. निथळून पोत्यात हवा खेळली की पांढरं मूळ आधी डोकावतं. रायगडच्या खारजमिनीत रहू, म्हणजे मोड आलेलं बी, टाकतात ते लोक हेच करतात, त्यांना मी काय सांगणार.

पोतं मात्र झोपू देत नाही. रुजणारं बी श्वास घेतं आणि तापतं. पोत्याच्या मध्यभागी हात घातला तर तापलेल्या माणसाच्या कपाळासारखं लागतं. त्याच्या पुढे गेलं की कोंब उकडतो, आंबूस वास सुटतो. म्हणून रात्रीतून उठून पोतं उलटंसुलटं करायचं, पाण्याचा हबका मारायचा. आणि मोड दाण्याच्या अर्ध्याहून लांब होऊ द्यायचा नाही, फेकताना तुटतो.

यावरून पापनाशमच्या एका घरची गोष्ट. दोन मिनिटांत सांगतो.

2022 चा मे. त्या घरी मुलीचं लग्न निघालेलं, मेच्या शेवटच्या आठवड्यात. मी पाहुणा. माझं तमिळ बसचं तिकीट काढण्यापुरतं, पण जेवायला तेवढं पुरतं. (हशा) सगळा बेत नीट आखलेला: आधी लग्न, मग जून लागल्यावर भात भिजवायचं, 12 ला पाणी. आणि जाहीर झालं की यंदा धरण भरलेलं आहे, दरवाजे 24 मेलाच उघडणार. स्वातंत्र्यानंतर मे महिन्यात पहिल्यांदाच. एकोणीस दिवस अलीकडे! मांडववाला, आचारी, नादस्वरम् वाजवणारे सगळे ठरलेले, आणि वर भात भिजवायचं. मुलीचे वडील म्हणाले, लग्न झाल्यावर बघू. पाट्टी, म्हणजे त्यांची आई, काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मागच्या अंगणात पिंपं भरलेली.

आता तिकडच्या लग्नात एक विधी आहे, पालिकै. मातीच्या लहान पात्रांत नवधान्य पेरायचं, सुवासिनींनी दूध-पाणी शिंपायचं, आणि लग्नानंतर ते अंकुर तळ्यात नाहीतर नदीत सोडायचे. ती पात्रं ठेवली होती माजघरात. आणि त्याच माजघरात, भिंतीला लागून, मोड यायला ठेवलेली चार पोती, कारण घरातली तेवढीच खोली बिनवाऱ्याची. फोटोग्राफर आला. त्याला पालिकैचे फोटो हवे होते, पोत्यांशिवाय. ‘सार, बॅकग्राउंड!’ पोती हलवायला कुणाला सवड नव्हती. मग मांडववाल्याकडून त्यानं एक भला थोरला जांभळा मखमली पडदा आणला आणि चारही पोती झाकून टाकली. फोटो उत्तम आले. पडदा काढायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

रात्री दोनच्या सुमाराला पाट्टींचा आवाज. मला वाटलं, चोर. जाऊन बघतो तर बाईंचा हात कोपरापर्यंत पोत्यात आणि माजघरात वाफेचा वास. घरची माणसं मांडवात, जागी होती ती सगळी मुलाकडची. पाट्टींनी वरपक्ष बघितला नाही की वधूपक्ष बघितला नाही. नवऱ्या मुलाच्या मामांना आणि काकांना हाक मारली. रेशीमकाठी वेष्टी गुडघ्यावर दुमडून ती मंडळी दिव्याच्या उजेडात पोती सोडून भात जमिनीवर पसरतायत, हबके मारतायत. आणि पसरता पसरता वाद! नवऱ्या मुलाचे वडील आडुतुरैच्या बाजूचे. आडुतुरैला भात संशोधनाचं ठाणं 1922 पासूनचं, त्यामुळे तिथल्या माणसाला मत असणारच. ते म्हणाले, हे एडीटी 36 वाण का लावता, 43 लावा, दाणा बारीक आहे, भाव येतो. मुलीचे वडील एव्हाना उठून आलेले, ते म्हणाले, आमच्या जमिनीत 36 च. व्याही एकमेकांशी पहिल्यांदा मोकळेपणानं बोलले ते तेव्हा. मधल्या पोत्यांतलं भात बरंचसं उकडलं होतं, ते म्हशीला गेलं. उरलेलं पहाटे मुलीचा भाऊ रोपवाटिकेत फेकून आला. लग्नाच्या पहिल्या काही फोटोंत तो नाही, आणि पुढच्यांत आहे तर पोटऱ्यांना चिखल. (हशा, टाळ्या)

अध्यक्षांची चिठ्ठी आली. ‘कंद?’ असा एकच शब्द आहे. (हशा)

एक मिनिट, एक आक्षेप मला माहीत आहे म्हणून. अशाच विषयावर एकदा बोललो तेव्हा एका गृहस्थांनी मला पत्र लिहिलं, की घटस्थापना, मुळैप्पारी म्हणजे तिकडे पात्रात उगवतात ते अंकुर, पालिकै हे सगळं आपलं प्राचीन बियाणं-परीक्षणच आहे, आणि तुम्ही ते का सांगत नाही. मी ते सांगत नाही, कारण मला ते पटत नाही. परीक्षण करायचं तर दाणे मोजून टाकावे लागतात. शंभरातले किती उगवले ते बघावं लागतं. घटात आपण मूठभर धान्य टाकतो, अंधारात वाढवतो, ते पिवळं, लांब, हळवं होतं, दसऱ्याला टोपीत खोवतो. फार सुंदर आहे, पण त्यानं बियाणं पारखलं जात नाही. आडी महिन्याच्या अठराव्या दिवशी, म्हणजे ऑगस्टच्या सुरुवातीला, कावेरीकाठच्या बायका मुळैप्पारी नदीत सोडतात. तो नदीचा सण आहे. त्याला प्रयोगशाळेचा कोट घालायची गरज नाही. चिडू नका, बाहेर भेटा.

आता घाईत. कोकोपीट चांगलं, धुऊन घ्या. पण त्याच्यावाचून अडत नाही. फिलिपिन्समधल्या दापोग पद्धतीत केळीच्या पानावर किंवा सिमेंटच्या खळ्यावर नुसतं मोड आलेलं भात दाट पसरतात, माती नाहीच. दोन आठवड्यांच्या आत सतरंजीसारखं गुंडाळून शेतात नेतात. तेवढे दिवस दाण्यातलीच शिदोरी पुरते. यंत्रानं लावणी करणारे आता ट्रेमध्ये तसंच करतात.

गच्चीवाल्यांसाठी: मिरचीचं रोप सहा आठवड्यांचं लागतं, टोमॅटोचं चार. तुमच्याकडे पाऊस जूनच्या मध्याला धरता येत असेल तर मिरची याच आठवड्यात पेरा, टोमॅटोला अजून पंधरा दिवस आहेत. सावली द्या, पण अंधार नको. वाफसा ठेवा, चिखल केलात तर रोपं बुडाशी कोलमडतात.

हळदीचं बेणं मार्चपासून सावलीत, पाल्याखाली झाकून ठेवलेलं असेल तर आत्ता डोळे फुगले असतील. अक्षय तृतीयेनंतर लावा. ग्लॅडिओलसचे कंद काढल्या काढल्या लावाल तर उगवणार नाहीत, त्यांना शीतगृहात काही महिने काढावे लागतात. मे फ्लॉवरला काहीच करू नका, तो आपला येतो.

आणि ट्यूलिप. बारा ते सोळा आठवडे फ्रीजमध्ये, कागदी पिशवीत. त्याच कप्प्यात सफरचंद ठेवू नका, पिकत्या फळातून जो वायू निघतो त्यानं कंदातली कळी आतल्या आत मरते. फ्रीजमध्ये कधी ठेवायचं हे विचाराल, तर तुमच्या शहरातली सगळ्यात थंड पंधरवड्याची तारीख धरा आणि मागे मोजा. अध्यक्ष उभे राहिले आहेत. प्रश्न पायऱ्यांवर घेतो, फक्त मिठाच्या पाण्याचं ज्यांना लिहून हवंय त्यांनी आधी या.