धुऱ्यावरची बाभूळ आणि फिरती आरामशीन

(जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



कापसाचे बोलून झाले, ज्वारीचेही झाले. आता मला वेळ दिला आहे तो धुऱ्यावरच्या झाडांवर बोलायला. गावोगाव एकच प्रश्न कानावर येतो. शेतात नेऊन ओंडके चिरणारी फिरती आरामशीन मिळते म्हणतात, ती घ्यावी का? आणि घ्यावी तर कोणती? इथेही दोघातिघांच्या खिशात रंगीत माहितीपत्रके आहेत, ती मी पाहिली. माहितीपत्रकातला ओंडका खांबासारखा सरळ असतो. आपली बाभूळ तशी नसते. म्हणून मशीनचे बोलण्याआधी लाकडाचे बोलू.

कापसाचा हिशोब तुम्हाला पाठ आहे. आपण कापूस विकतो, जिनिंगवाला त्यातून एक तृतीयांश रुई काढतो, उरलेल्याची सरकी. दोन्हीचे पैसे होतात, पण ते जिनिंगच्या दारात. झाडाचे यापेक्षा वाईट आहे. कापूस निदान काट्यावर चढतो, झाड आपण उभेच विकतो, उक्ते. आणि विकतो कधी? पाऊस दगा देतो, सोसायटीची नोटीस येते, पोरीचे लग्न ठरते तेव्हा. पंधरा वर्षे धुऱ्यावर सांभाळलेली बाभूळ गिऱ्हाईक दारात येऊन ‘सारी मिळून इतके’ म्हणतो आणि आपण मान डोलावतो. त्यात लाकूड किती हे त्याला माहीत असते, आपल्याला नसते. कृषी महाविद्यालयात मला बाभळीचे लॅटिन नाव पाठ करायला लावले, तिचा घेर मोजायला कोणी शिकवले नाही.

तो आज शिका. ओंडक्याच्या मधोमध सुतळी गुंडाळा. घेर आला ३ फूट, लांबी ८ फूट. व्यापारी घेराचा चौथा भाग घेतो, पाऊण फूट. पाऊण गुणिले पाऊण गुणिले ८, म्हणजे साडेचार घनफूट. सरकारी डेपोतही हीच चौथाईची रीत चालते. एडवर्ड हॉपस नावाच्या इंग्रजाने १७३६ साली तिची कोष्टके छापली, तेव्हापासून ती साऱ्या इंग्रजी अमलात पसरली. आता त्याच ओंडक्याचे खरे घनफळ काढा. ते येते पावणेसहाच्या जवळ. शंभरातले साधारण साडेएकवीस भाग मोजमापातच गळाले. का? तर चौरस करताना चारी बाजूंच्या गोल फळ्या वाया जातात म्हणून. ठीक आहे. पण त्या फळ्या व्यापारी आपल्याला परत देतो का? त्यांचे जळतण विकतो आणि पैसे आपल्या खिशात घालतो. ओंडका शेतातच चिरला तर त्या कडेच्या फळ्या तुमच्या चुलीत जातील, गोठ्याच्या कुडाला लागतील. फिरत्या मशीनचा पहिला फायदा हा. दुसरा फायदा असा की आख्खा ओंडका गाडीत भरून दूर नेण्याचे भाडे वाचते.

आता मशीन. प्रकार तीन आहेत.

पहिला, साखळीची करवत आणि तिला धरून ठेवणारी लोखंडी चौकट. सर्वांत स्वस्त, दोन माणसे खांद्यावर नेतात. पण तिची वाट रुंद. वाट म्हणजे करवत जिथून जाते तिथल्या लाकडाचा जो भुसा होतो ती जागा. साखळीची वाट ९-१० मिलिमीटर. दुसरा प्रकार गोल पात्याचा. पाते एकदा आडवे चालते, मग उभे फिरवून चालते आणि ओंडक्यातून चौकोनी तुकडा काढते. ऑस्ट्रेलियातली लुकास मिल या जातीची. हिची वाट ५-६ मिलिमीटर. ओंडका हलवावा लागत नाही, मशीनच त्याच्याभोवती उभी करतात. चार माणसांनी न हलणारे आंब्याचे खोड असेल तर हीच बरी. तिसरा प्रकार आडव्या पट्ट्याचा. दोन चाकांवरून दात्यांचा अखंड पोलादी पट्टा फिरतो, ओंडका खाली पक्का बसवलेला असतो आणि पट्ट्याचे डोके रुळांवरून त्याच्यावर ढकलत नेतात. अमेरिकेतल्या वूड-मायझरने हा प्रकार जगभर नेला. पट्ट्याची वाट जेमतेम २ मिलिमीटर.

हे मिलिमीटर कशाला मोजायचे? दहा इंच जाडीचा चौरस ठोकळा घ्या आणि त्याच्या इंचाच्या फळ्या पाडा. पट्ट्याने ९ फळ्या निघतात, गोल पात्याने ८, साखळीने ७. लाकूड तेच, झाड तेच, पंधरा वर्षांची राखण तीच. दोन फळ्या भुशात गेल्या. सागाच्या बाबतीत हा फरक किती रुपयांचा होतो ते तुमच्या तालुक्यातल्या सागाच्या भावाने गुणून पाहा.

म्हणून माझे मत पट्ट्याच्या बाजूने आहे. पण पट्टा नाजूक. तो किती तास चालतो हे विक्रेत्याला विचारू नका, जो चालवतो त्याला विचारा. हिरव्या मऊ लाकडात दोनतीन तासांनी तो उतरवून धार लावावी लागते. वाळलेल्या बाभळीत त्याहून लवकर. धार लावणे आणि दाते आळीपाळीने डावीउजवीकडे वाकवणे, ही दोन वेगळी कामे, दोन वेगळी अवजारे. ती अवजारे आणि ती येणारा माणूस तालुक्याला आहे का? नवे पट्टे कुठून येणार, किती दिवसांत? मशीन एकदाच घ्यायची असते, पट्टे जन्मभर घ्यावे लागतात. बाभळीसारख्या कठीण लाकडाला दात्याचा झुकाव कमी लागतो, १० अंशाऐवजी ७ किंवा ४ अंशाचा. हे विक्रेत्याला सांगता आले नाही तर त्याने बाभूळ चिरलेली नाही असे समजा आणि चहा पिऊन परत या.

आपल्या झाडांचे एक वेगळे दुखणे आहे. जंगलातले झाड स्वच्छ असते. धुऱ्यावरच्या झाडात कुंपणाची तार असते, बैल बांधायला ठोकलेला खिळा असतो, कुणाच्या आजोबाने मारलेली कडी असते. साल त्यावरून वाढून गेलेली असते, वरून काही दिसत नाही. पट्टा खिळ्यावर गेला की दाते सफाचट. म्हणून मशीनबरोबर हातात धरायचा धातुशोधक घ्या, खर्च फार नाही. बुंध्याची साल काढून टाका. आपल्या काळ्या मातीचा लेप आणि त्यातले खडे धारेला खिळ्याइतकेच मारतात.

ताकद कशाची? विजेच्या मोटरीचा खर्च कमी, पण धुऱ्यावर थ्री फेज कुठून आणणार? आणि शेतीची वीज येते रात्री. रात्री ओंडका चिरायचा नसतो. गावच्या मेकॅनिकला उघडता येईल असे डिझेल इंजिन असावे. लांबीचे म्हणाल तर २० फुटांचे रूळ घेऊ नका. बाभळीत सरळ लांबी ६ ते ८ फूट मिळाली तरी पुष्कळ. तिफणीचे खोड, गाडीचे जू, दाराची चौकट, सारे तेवढ्यात बसते.

आता उत्पादन खर्च. हा हिशोब केल्याशिवाय आपण काहीच घेत नाही, घेऊही नये. आकडे मी गृहीत धरतो, तुम्ही खरे घाला. समजा मशीन ५ लाखांची. व्याज १२ टक्के, म्हणजे वर्षाला ६० हजार. दहा वर्षांत झिजली तर आणखी ५० हजार. एक फळी निघण्याआधी वर्षाचे १ लाख १० हजार चढले. दोन माणसांनी दिवसाला ३० घनफूट ओंडके चिरले आणि वर्षात १०० दिवस काम मिळाले तर ३ हजार घनफूट. घनफुटाला सुमारे ३७ रुपये पडले. डिझेल, मजुरी, पट्टे वेगळे. हीच मशीन वर्षात १० दिवस चालली तर घनफुटाला ३६७ रुपये! तेव्हा व्यापारीच परवडतो.

आणि ३ हजार घनफूट म्हणजे किती झाडे? एका बऱ्या बाभळीतून ५ घनफूट धरा. वर्षाला ६०० झाडे, आणि पुढच्या वर्षी पुन्हा ६००. एका गावात ती नसतात. मग एकट्याने मशीन घ्यायचीच नाही. दहाबारा गावांनी मिळून घ्यायची, किंवा एखाद्या होतकरू पोराने घ्यावी आणि घनफुटाच्या दराने गावोगाव फिरावे, जसा मळणीयंत्रवाला फिरतो. मला दुसरे जास्त पसंत आहे. दहा गावांच्या मालकीच्या यंत्राला धार कोणीच लावत नाही.

इथवर सगळे आपल्या हातातले. पुढे सरकार येते. १९६४ च्या महाराष्ट्राच्या वृक्षतोड कायद्याच्या परिशिष्टात साग, आंबा, चिंच, मोह, जांभूळ, खैर अशी झाडे आहेत. ती स्वतःच्या सातबाऱ्यावर असली तरी तोडायला परवानगी लागते. बाभूळ त्या यादीत नाही. तोडल्यावर वाहतुकीचा पास. ‘आम्ही चिरून नेतो, ओंडका नेत नाही’ म्हणून सुटका नाही. १९२७ च्या वन कायद्यात चिरलेले, घडवलेले लाकूडही इमारती लाकूडच धरले आहे.

आणि खुद्द मशीन? गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ रोजी वनक्षेत्रातल्या विनामंजुरी आरागिरण्या थांबवल्या. २००२ साली नव्या गिरण्यांच्या परवान्यांवर देशभर लगाम आला. २०१५ साली न्यायालयाने हा विषय राज्यांच्या समित्यांकडे दिला आणि २०१६ साली केंद्राने त्याची मार्गदर्शक तत्त्वे काढली. जंगल लुटले जात होते, त्याला आवर घालणे भाग होते, यात वाद नाही. पण देशातले बरेचसे इमारती लाकूड आता सरकारी जंगलातून येत नाही, तुमच्याआमच्या धुऱ्यावरून येते. ज्याने झाड लावले, त्याच्याच हातात करवत द्यायला मात्र समिती बसते. बांबूचे पाहा. तो गवत आहे हे शेंबड्या पोरालाही कळते, पण १९२७ च्या कायद्यात तो झाड होता. जंगलाबाहेरच्या बांबूला त्यातून सोडवायला २०१७ साल उजाडले.

तेव्हा विक्रेता म्हणेल, ‘साहेब, चाकांवरची मशीन आहे, हिला परवाना कशाला?’ त्याच्या शब्दावर पाच लाख लावू नका. ओंडका चिरणारी यंत्रसामग्री चाके लावल्याने आरागिरणी राहत नाही असे गृहीत धरू नका. आधी उपवनसंरक्षकांकडे लेखी अर्ज, पोच, लेखी उत्तर. मगच बयाणा. उत्तर येत नसेल तर ते आपल्या सर्वांचे काम आहे, एकट्याने निपटायचे नाही. अर्जाची एक प्रत जिल्हा कार्यालयात आणून द्या.

एक शेवटचे, कारण फळी निघाल्यावरही घात होतो. बाभूळ हिरवी असतानाच चिरा, वाळली की लोखंड होते. चिरलेली फळी उन्हात टाकाल तर आठ दिवसांत पिळून निघेल. सावलीत, सपाट पायावर, दर दोन फुटांवर इंचभर जाडीच्या पट्ट्या घालून थप्पी रचा. पट्ट्या एकावर एक सरळ रेषेत. टोकांना रंग किंवा डांबर फासा, म्हणजे तडे कमी जातात. बाहेरच्या पांढऱ्या लाकडाला भुंगा लागतो. जुने लोक ओंडके तळ्यात बुडवून ठेवत, ते त्यासाठीच. आता बोरॅक्स आणि बोरिक अॅसिडच्या पाण्यात फळ्या बुडवून काढता येतात. मशीन चालताना धोतराचा सोगा, उपरणे, पदर पट्ट्याजवळ नको, आणि पट्ट्याच्या समोरच्या रेषेत पोरे उभी नकोत. पट्टा तुटतो तेव्हा सांगून तुटत नाही.

पुढच्या बैठकीला प्रत्येक गावाने एक कागद आणावा. छातीच्या उंचीला ३ फुटांहून जास्त घेर असलेली झाडे किती, कोणत्या जातीची, कोणाच्या धुऱ्यावर, आणि पाच वर्षांत काढायची किती. सुतळी घेऊन मोजा, अंदाजाने लिहू नका. बारा गावांचे कागद आले की ६०० चा आकडा भरतो की नाही ते त्याच बैठकीत फळ्यावर मांडू. भरला तर जवळपास जिथे अशी मशीन चालते तिथे चौघांना पाठवू. जाताना आपल्या बाभळीचा एक ओंडका गाडीत घालून, त्याच्या वाहतुकीचा कागद आधी विचारून.